प्रकाशाचा वेग सरळ ३० कोटी का नाही?

तुमचा प्रश्न असा की प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, हा असला वेडावाकडा आकडा कुठनं आला, राउंड ३० कोटी का नाही, आणि असे स्थिरांक निसर्गानं कुठं लिहून ठेवलेत का. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलं आणि आता सांगलीत वडिलांच्या हळदीच्या अडतीवर बसतो, म्हणजे मापं आणि वजनं हाच धंदा, त्यामुळं थोडं तिकडनंच सांगतो.

आजीच्या पाटल्या होत्या ६ तोळ्यांच्या, तिनं स्वतः सांगितलेलं. आई त्या सराफ कट्ट्यावर घेऊन गेली तर भरल्या ७ तोळे! आईला वाटलं काटाच बिघडलाय. काटा बरोबर होता हो, जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा आणि आता सराफ सरळ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, ६ गुणिले ११.६६४ केलं की ६९.९८ ग्रॅम येतात. सोनं गुंजभरही वाढलं नाही, आकडा तेवढा वाढला.

प्रकाशाच्या आकड्याचं असंच आहे. फ्रेंचांनी १७९० च्या दशकात ठरवलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत जेवढं अंतर त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, आणि सेकंद तर दिवसाचे ८६,४०० तुकडे करून आधीपासून होताच. म्हणजे त्या आकड्यात पृथ्वीचा घेर आहे, तिचं फिरणं आहे, दिवसाचे २४ तास करणाऱ्यांची हौस आहे, प्रकाशाचं स्वतःचं त्यात काय नाही. अंतर प्रकाशवर्षात आणि वेळ वर्षात मोजा, तोच वेग १ येतो, विषय संपला. गुंठा १०८९ चौरस फुटांचाच का असं कुणी निसर्गाला विचारत नाही, ३३ बाय ३३ ची साखळी होती म्हणून.

आता ३० कोटी का नाही केला. खरं तर तशी संधी होती, कारण १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच उलटी केली, आधी प्रकाशाचा वेग कायमचा पक्का धरायचा आणि त्यावरनं मीटर काढायचा. त्या वेळी ३० कोटी धरला असता तर मीटर साधारण ०.७ मिलिमीटरनं आखूड झाला असता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १०० मीटरच्या बांधावर ७ सेंटीमीटर होतात आणि आमच्याकडं तेवढ्यावरनं दोन पिढ्या कोर्टात जातात. जगातल्या सगळ्या पट्ट्या, नकाशे, मशिनी चुकीच्या ठरवण्यापेक्षा वाकडा आकडा परवडला.

किलोची गोष्ट तर लय भारी आहे. आमच्या काट्याला दरवर्षी वजनमापेवाल्यांचा शिक्का लागतो, ते आपली वजनं वरच्या वजनांशी ताडून आणतात, असं करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतला ५७ नंबरचा किलोचा ठोकळा, आणि तो २०१९ पर्यंत ताडायचे पॅरिसजवळच्या एका तिजोरीतल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्याशी. १८८९ पासून किलो म्हणजे तो ठोकळा, बस. पुढं शंभरेक वर्षांत त्याच्यात आणि त्याच्याच जुळ्या कॉप्यांत साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक दिसायला लागला, आणि गंमत बघा, व्याख्येनं तो ठोकळा चुकूच शकत नाही, तो झिजला तर बाकी अख्खं विश्व जड झालं म्हणायचं!! म्हणून २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक, म्हणजे वारंवारतेवरनं ऊर्जा काढून देणारा आकडा, पक्का धरलाय आणि किलो त्यावरनं काढतात. किबल तराजू म्हणून एक यंत्र असतं, एका बाजूला वजन आणि दुसरीकडनं विजेच्या चुंबकाचा जोर, आणि त्या विजेच्या मापात प्लँकचा स्थिरांक येतो. स्थिरांकाचा फायदा हा की तो तिजोरीत ठेवावा लागत नाही, सांगलीत आणि चंद्रावर सारखाच.

आता हे स्थिरांक करतात काय, तर बरेचसे चक्क अदलाबदलीचे दर आहेत. प्रकाशाचा वेग सेकंदाचं मीटर करून देतो, बोल्ट्झमनचा स्थिरांक तापमानाची ऊर्जा, प्लँकचा वारंवारतेची ऊर्जा.

मग निसर्गानं लिहिलेलं काहीच नाही का? आहे की. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्लँकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि निर्वाताचा विद्युत स्थिरांक एका ठरावीक पद्धतीनं गुणले-भागले की सगळी एककं कटतात आणि उरतं साधारण १/१३७.०३६. तोळ्यात मोजा, पायलीत मोजा, हेच येणार. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५ पट जड, हेही तसंच. तुमचा 'का' खरा इथं लागू पडतो आणि १३७ च का याचं उत्तर अजून कुणाकडं नाही.

न्यूटनच्या गुरुत्व स्थिरांकाबद्दल, म्हणजे दोन वस्तू एकमेकींना किती जोरानं ओढतात ते ठरवणाऱ्या आकड्याबद्दल, पण विचारलंय, त्याला एककं आहेत पण तो अजून पक्का धरलेला नाही. १७९८ मध्ये कॅव्हेंडिशनं शिशाचे गोळे टांगून जो प्रयोग केला त्यातनंच तो निघतो, आणि आजही तो दहा लाखात साधारण २२ भाग एवढ्या अनिश्चिततेनंच माहीत आहे, कारण गुरुत्वाकर्षण फारच दुबळं. ५० किलोच्या पोत्यावर हा फरक साधारण १ ग्रॅम होतो, आमच्या यार्डात एवढ्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, पण किलोची व्याख्या त्यावर बांधायला तो फार ढिला पडतो.