वाचकांचे प्रश्न : अलॉटमेंटवर शेड कुठे आणि कशी उभारावी?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी लंडनच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो. चार वर्षे प्रतीक्षायादीत काढल्यावर यंदा नगरपालिकेकडून अर्धी अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठीचा जमिनीचा छोटा तुकडा, भाड्याने मिळाली; ती पाच रॉडची (रॉड हे जमिनीच्या क्षेत्रफळाचे जुने ब्रिटिश माप) आहे. दर शनिवारी फावडी-कुदळी गाडीतून वाहून कंटाळलो आहोत. आठ बाय सहा फुटांची लाकडी शेड सवलतीत मिळते आहे. ती घ्यावी का, जागा कोणती निवडावी, आणि खाली काँक्रीट घालावे का? शेजारचे आजोबा करड्या नालीदार सिमेंट-पत्र्याची त्यांची जुनी शेड फुकट द्यायला तयार आहेत. ती चालेल का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : शेड अजून विकत घेतली नसेल तर कृपया आठवडाभर थांबावे. सवलत पुन्हा लागते, पण चुकीच्या जागी उभी केलेली शेड हलवताना कंबरडे मोडते, हे मी अनुभवाने सांगते.

प्रथम भाडेकरार काढून वाचावा. इंग्लंडमधील 1922 च्या कायद्यानुसार अलॉटमेंट म्हणजे 40 रॉडपेक्षा मोठी नसलेली आणि मुख्यतः स्वतःच्या कुटुंबापुरता भाजीपाला व फळे पिकवण्यासाठी कसली जाणारी जमीन, त्यामुळे तिथे बांधकामाला दुय्यम स्थान असते. बहुतेक नगरपालिका शेडची कमाल लांबी, रुंदी आणि उंची ठरवून देतात आणि लेखी परवानगी मागतात. काही ठिकाणी खिडकीला काचही चालत नाही. नियम जागोजागी वेगळे असल्यामुळे आपल्या जागेचे नियम करारातून किंवा व्यवस्थापकांकडूनच कळतील.

आता आकार. चार रॉड म्हणजे बरोबर एक गुंठा, म्हणून आपल्याकडे सव्वा गुंठा जमीन आहे. (हे गणित बसते, कारण आपला गुंठाही ब्रिटिश एकराचाच चाळिसावा भाग आहे.) सव्वा गुंठ्यात आठ बाय सहाची शेड अंगावर येते, एवढ्या जागेत मेथी-कोथिंबिरीचे दोन चांगले वाफे होतात. फावडे, कुदळ, दाताळे, झारी, दोन घडीच्या खुर्च्या आणि पावसात दोघांना उभे राहण्यापुरती जागा, एवढे सहा बाय चारमध्ये मावते. लांब दांड्याची अवजारे भिंतीला खिळ्यांवर टांगली की जमीन मोकळी राहते.

जागा निवडताना आपल्या गावाकडचा अंदाज इथे चालत नाही. 21 डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सात फूट उंच शेडची सावली सहा-सव्वासहा फूट पडते. लंडनमध्ये त्याच दिवशी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो आणि तीच सावली 26 फुटांपर्यंत लांबते. जूनमध्ये ती चार फुटांहून कमी असते, म्हणून उन्हाळ्यात जागा ठरवणारा हमखास फसतो. मीही फसले होते. दक्षिणेच्या कोपऱ्यात, फाटकाजवळ सोयीचे म्हणून शेड उभी केली आणि पुढे दोन हिवाळे लसणाचा वाफा ओलाच राहिला. शेड उत्तरेच्या टोकाला असावी, पण तिची सावली शेजाऱ्याच्या वाफ्यावर न पडता पायवाटेवर पडेल असे पाहावे. कुंपणापासून दोन फूट अंतर ठेवल्यास मागच्या फळ्यांना रंग देण्यासाठी माणूस आत शिरू शकतो.

काँक्रीट घालू नये. पुष्कळ करारांत त्याला मनाईच असते, आणि अलॉटमेंट सोडताना ते फोडून न्यावे लागते. दोन बाय दोन फुटांच्या सहा फरश्या सहा बाय चारच्या शेडला नेमक्या पुरतात. गवताचा थर काढावा, खडी पसरून धुमसाने ठोकावी, वर जाड वाळूचा थर द्यावा आणि फरश्या पाणसळीत बसवाव्यात. चौकट गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते समान भरले नाहीत तर पुढे दार घासणार हे नक्की समजावे. फरश्यांवर वाळवी-बुरशीविरोधी प्रक्रिया केलेल्या तीन इंची वाशांचे आडवे आधार ठेवावेत. शेडच्या तळाचे वासे ज्या दिशेने जातात त्याच्या काटकोनात हे आधार यावेत, म्हणजे भार सगळ्यांवर वाटला जातो आणि खालून वारा खेळून तळ कुजत नाही. त्या पोकळीत उंदीर घर करतात, म्हणून बाजूंनी बारीक तारेची जाळी मारावी. या कामाला एक पूर्ण दिवस द्यावा. भिंती आणि छप्पर नंतर दोन माणसे एका दुपारी उभे करतात.

मोकळ्या मैदानावरचा वारा हलका समजू नये. माझी पहिली शेड प्लॅस्टिकची होती आणि फेब्रुवारीतल्या एका वादळानंतर ती तीन अलॉटमेंट पलीकडे कोबीच्या वाफ्यात आडवी सापडली. चारही कोपऱ्यांना जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून शेड त्यांना बोल्टने जखडावी.

छपराला पन्हळ आणि खाली पिंप अवश्य लावावे. सहा बाय चारचे छप्पर म्हणजे साधारण सव्वादोन चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. लंडनचा वार्षिक पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास धरला तर वर्षाला हजारभर लिटर सहज मिळते, म्हणजे 200 लिटरचे पिंप पाच वेळा भरते. पिंपाला घट्ट झाकण हवे.

कुलुपाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगते. दाराच्या बिजागऱ्या आणि कोयंडा स्क्रूने न लावता आरपार बोल्टने लावावेत. पेट्रोल आणि महागडी यंत्रे आत ठेवूच नयेत. आत काही मौल्यवान नसेल तर नुसती कडी लावणारेही बरेच आहेत, कारण चोरीपेक्षा मोडलेले दार महाग पडते.

आजोबांच्या शेडला मात्र नम्रपणे नकार द्यावा. करडे नालीदार सिमेंट-पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ब्रिटनमध्ये त्याच्या वापरावर 1999 मध्ये पूर्ण बंदी आली, पण आधीची छपरे अजून उभी आहेत. असा पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी असतो. कापताना, भोक पाडताना किंवा फोडताना उडणारे तंतू फुप्फुसांत जातात. शेड उतरवताना नेमके हेच घडेल. आजोबांनी स्वतः ती पाडायला घेण्यापूर्वी नगरपालिकेला विचारावे, हेही त्यांना सांगावे. आणि ते ऐकत नसतील तर आपणच व्यवस्थापकांच्या कानावर घालावे, कारण तो वारा आपल्याही वाफ्यांवरून वाहणार आहे.