वह्या तीन, मूल एक

प्रश्न : मी अलीकडेच एका बालगृहाच्या देखरेख समितीची सदस्य झाले. तेथे सहा ते पंधरा वर्षांची मुले राहतात. आरोग्य, शाळा आणि वागणूक अशा तीन नोंदवह्या असून त्या तारीखवार, नीटनेटक्या भरलेल्या आहेत. तरीही नऊ वर्षांच्या एका मुलीविषयी मला अस्वस्थ वाटते. आरोग्याच्या वहीत सलग तीन तिमाह्या तिच्यापुढे ‘ठीक’ लिहिले आहे, शाळेच्या वहीत ‘लक्ष नसते’ आणि वागणुकीच्या वहीत ‘शांत, त्रास देत नाही’. मी डॉक्टर नाही, शिक्षिकाही नाही. मी नेमके काय पाहावे? शिवाय, मुलांविषयी जे लिहिले जाते ते त्यांना दाखवावे का? (एक वाचक)

उत्तर : तुम्ही उतरवून पाठवलेल्या तीन शेऱ्यांमध्येच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. हे शेरे तिघांनी तीन वेगळ्या वेळी लिहिले आणि बहुधा एकानेही दुसऱ्याची वही उघडली नाही. ते एका कागदावर एकाखाली एक मांडा. वर्गात लक्ष न लागणाऱ्या आणि कोणाला काही न सांगणाऱ्या या मुलीला कमी ऐकू येत असेल, फळा नीट दिसत नसेल, रात्री झोप लागत नसेल, ती कोणाच्या तरी धाकात असेल किंवा तुटलेल्या घराचे दुःख एकटीच गिळत असेल. यातले कोणते, हे तुम्ही ठरवायचे नाही. पण तिचे कान, डोळे आणि दात शेवटचे कधी तपासले, त्यात काय आढळले आणि पुढे काय केले, हे विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. ‘ठीक’ हा निष्कर्ष नव्हे. मला विचाराल तर हा शब्द आरोग्याच्या वहीतून हद्दपारच केला पाहिजे. ‘शांत’ हा शब्दही तितकाच फसवा आहे, कारण अनेक मुले एकटीने सांभाळणाऱ्या गृहमातेला शांत मूल सोयीचे असते आणि सोयीच्या मुलाकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

आता वजन आणि उंचीकडे वळू. एका दिवशी घेतलेला आकडा फारसे काही सांगत नाही. मागील दोन वर्षांचे आकडे आलेखावर मांडायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २००६ पासून आणि पाच ते एकोणीस वर्षांसाठी २००७ पासून उपलब्ध आहेत. मुलीचे वजन ‘योग्य’ पट्ट्यात असूनही तिची स्वतःची रेषा सपाट होत चालली असेल, तर ते विचारण्याजोगे आहे, आणि याचे कारण नेहमी ताटातच असते असे नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील दोन अनाथालयांमध्ये ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ एल्सी विडोसन यांनी मुलांच्या वाढीची नियमित नोंद ठेवली होती आणि तिचे निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे शिधा सारखाच असताना पहिल्या सहा महिन्यांत एका अनाथालयातील मुलांचे वजन दुसऱ्यापेक्षा अधिक वाढले. पुढे त्याच अनाथालयाला जादा अन्न मिळू लागले, पण नेमकी त्याच सुमारास दुसऱ्या अनाथालयातील अधीक्षिका तेथे बदलून आली. ही बाई कडक होती आणि जेवणाच्या वेळीच मुलांना सर्वांदेखत फैलावर घेत असे. जादा अन्न मिळूनही तेथील मुलांची वजनवाढ मंदावली. उलट तिच्या जाचातून सुटलेली मुले जुन्याच शिध्यावर अधिक वाढू लागली. तिच्या मोजक्या लाडक्या मुलांचे वजन मात्र चांगले वाढत होते. वजनाची वही तेथे कोणाच्याही नकळत अधीक्षिकेच्या वागण्याचीच नोंद करत होती.

शाळेच्या बाबतीत हजेरी आणि गुण तुम्ही पाहालच. त्यापेक्षा मुलीने आजवर किती शाळा बदलल्या आणि त्या बदलांत कोणते धडे सुटले, हे विचारा. भागाकार शिकवला गेला त्या महिन्यात ती दोन घरांच्या मधे असेल, तर नंतरचे गणित तिला दुर्बोधच वाटणार. तिची तुलना वर्गाशी न करता तिच्याच मागील वर्षाशी करा.

मनाच्या स्वास्थ्यासाठी रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली पंचवीस विधानांची प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. ती सांभाळणारी व्यक्ती, शिक्षक आणि थोडे मोठे मूल असे तिघेही भरू शकतात. तिने निदान होत नाही, पण तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील तर चौकशीला तेथूनच सुरुवात करावी.

या सगळ्यासाठी चौथी वही मात्र सुरू करू नका. प्रत्येक मुलामागे एक जबाबदार व्यक्ती नेमली जावी, तिने तिन्ही वह्या एकत्र वाचाव्यात आणि प्रत्येक शेऱ्यापुढे कोण काय करणार, कधीपर्यंत आणि ते झाले का, एवढे लिहावे, असा आग्रह धरा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील पंचविसावे कलम अशा मुलांना नियतकालिक आढाव्याचा हक्क देते आणि पर्यायी संगोपनाविषयीची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे तात्पुरत्या संगोपनातील मुलांसाठी हा आढावा शक्यतो दर तीन महिन्यांनी घ्यावा असे सांगतात. तुमच्या संस्थेत तिमाही नोंद होते. आढावा होतो का, हे तपासा. मुलीला मारहाण किंवा अत्याचार होत असल्याची शंका आली, तर स्वतः उलटतपासणी न करता त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, मात्र वयाच्या बेताने आणि विश्वासातील माणसाच्या सोबतीने. त्याच कराराच्या बाराव्या कलमानुसार मुलाला आपले मत मांडता आले पाहिजे, आणि आपल्याविषयी काय लिहिले आहे हेच ठाऊक नसेल तर मत कशावर मांडणार? दुसऱ्या मुलांचा किंवा नातेवाइकांचा खासगी तपशील तेवढा वगळावा. हीच मुले मोठेपणी संस्थेत परत येऊन आपली वही मागतात. पहिला दात कधी पडला, कांजिण्या झाल्या होत्या का, आपण कोणाच्या शेजारी झोपत होतो, हे घरी वाढलेल्या माणसाला कोणीतरी सांगते. यांना ते त्या पानांतच शोधावे लागते. पुढच्या भेटीत त्या मुलीच्या तिन्ही वह्या उघडाल, तेव्हा तिला काय आवडते याची एक तरी ओळ सापडते का, तेही पाहा.