स्मूदीच्या पेल्यातला हिशेब

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे, वजन ७२ किलो असून नोकरी बैठी आहे. वजन कमी करण्यासाठी दोन महिन्यांपासून मी सकाळी घरी केलेली स्मूदी घेते. तीत ३०० मि.लि. फुल क्रीम दूध, दोन केळी, चार खजूर, एक मोठा चमचा मध आणि दोन मोठे चमचे पीनट बटर असते. साखर अजिबात घालत नाही. दहाच्या सुमारास ऑफिसात डब्यातले पोहे किंवा उपमा खाते. वजन उतरण्याऐवजी थोडे वाढलेच आहे. माझे कुठे चुकते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या स्मूदीत वाईट म्हणावा असा एकही पदार्थ नाही, अडचण आहे ती सगळे एकाच भांड्यात जमा होण्याची. ढोबळ हिशेब मांडून पाहा. दुधाच्या सुमारे २६५ कॅलरी, दोन मध्यम केळ्यांच्या २००, साध्या लहान खजुरांच्या ९०, मधाच्या ६० आणि पीनट बटरच्या १९०, म्हणजे एकूण ८०० च्या आसपास. ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या भारतीय स्त्रीची दिवसभराची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली १६६० कॅलरी धरली आहे. तुमचे वजन अधिक असल्यामुळे तुमची गरज थोडी जास्त असेल, तरीही सकाळी आठ वाजेपर्यंत तिचा जवळजवळ निम्मा वाटा पोटात गेलेला असतो, आणि त्यावर दहा वाजता अडीचशे-तीनशे कॅलरींचे पोहे येतात. दूध, केळे आणि गोडी यांचे मिश्रण आपण शिकरण म्हणून पोळीबरोबर जेवणातच वाढतो; तेच मिक्सरमधून काढले म्हणून हलके होत नाही.

आता, इतके घेऊनही दहाला भूक का लागते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात निरोगी व्यक्तींना सफरचंद एकदा अख्खे, एकदा त्याचा गर करून आणि एकदा त्याचा रस काढून दिला. रस पिण्याचा वेग सफरचंद चावून खाण्याच्या अकरा पट आणि गर खाण्याच्या चौपट होता. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त, गराने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी आली. स्मूदीत तंतू टिकून राहतात, त्यामुळे ती रसापेक्षा बरी, हे खरेच. पण चावण्याचे काम मिक्सरने करून टाकलेले असते आणि पेला दोन-तीन मिनिटांत संपतो. माझे मत विचाराल, तर दात शाबूत असणाऱ्याने पेरू चावूनच खावा. तरीही सकाळच्या धावपळीत स्मूदी सोयीची असते, हे मला मान्य आहे, म्हणून ती सोडण्यापेक्षा तिची घडण बदलू या.

फळ एकच आणि साधारण १०० ग्रॅम घ्या. १०० ग्रॅम पपईत ४३, स्ट्रॉबेरीत ३२ आणि पेरूत ६८ कॅलरी असतात. पेरूत तंतूही पाच ग्रॅमच्या वर मिळतात, मात्र बिया खटकत असतील तर तो गाळण्यापेक्षा दुसरे फळ निवडा, कारण गाळल्यावर तंतू चोथ्याबरोबर निघून जातात. चिकू, सीताफळ आणि केळे अधिक गोड व घट्ट असल्याने त्यांचे प्रमाण निम्मे ठेवावे. दुधाऐवजी टोन्ड दुधाचे घरी लावलेले दही १५० ग्रॅम, त्यात दोन मोठे चमचे फुटाण्याचे पीठ, एक चमचा भाजून कुटलेला जवस आणि पातळ करण्यापुरते पाणी घाला. चवीला दालचिनी किंवा वेलची पुरते. हे सारे मिळून ३०० कॅलरींच्या आत राहते आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. प्रथिने अधिक हवी असल्यास दही फडक्यात बांधून त्याचा चक्का वापरावा. जवस अख्खा घातल्यास तो बहुतांशी न पचताच बाहेर पडतो, म्हणून कुटूनच घ्यावा. पीनट बटरचा मोह सुटत नसेल तर एक लहान चमचा घ्या, पण तो सपाट घ्या. घरातल्या घरात चमच्याचा डोंगर कसा होतो हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. निदान पहिला आठवडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळे मोजून घेतलेत, तर पुढे हाताला अंदाज येईल.

शेवटी, ही स्मूदी म्हणजेच तुमची न्याहारी होय. ती घेतली त्या दिवशी पोहे नाहीत, आणि पोहे खायचे असतील त्या दिवशी स्मूदी नाही. दहाला खरोखरच भूक लागली, तर पातळ ताक घ्यावे किंवा काकडी खावी.

प्रश्न : मी चहात आणि स्मूदीत साखरेऐवजी मध किंवा सेंद्रिय गूळ वापरतो. हे नैसर्गिक असल्यामुळे वजनाला बाधत नाही, असे जिममध्ये सांगतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. गुळात आणि साखरेत कॅलरींच्या दृष्टीने नाममात्र फरक आहे, आणि मधाचा एक मोठा चमचा ६० च्या पुढे कॅलरी देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली, ती मुक्त शर्करेची आहे. वरून घातलेल्या साखरेबरोबरच मध, पाक आणि फळांचा रस यांचीही गणना तीत होते. अशी शर्करा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली आणावी, असा तो सल्ला आहे; २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने तर स्मूदीलाही रसाच्याच पंगतीत बसवले असून दोन्ही मिळून दिवसाला १५० मि.लि. पुरे, असे सांगितले आहे. कोल्हापूरच्या गुळाविषयी तुमचा अभिमान मी समजू शकते, पण तो पुरणपोळीसाठी राखून ठेवावा. गोडीची सवय हळूहळू उतरते: पंधरा-वीस दिवस प्रमाण कमी करत गेल्यास पिकलेल्या फळाची गोडी पुरेशी वाटू लागते. साखरेच्या जागी गोडवा देणाऱ्या गोळ्यांकडेही वळू नका. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा वापर करू नये, असे याच संघटनेने २०२३ साली सुचवले आहे. मधुमेह असल्यास मात्र याविषयी आपल्या डॉक्टरांशीच बोलावे.

प्रश्न : रोज सकाळी कच्चा पालक, दुधी आणि सफरचंद यांची हिरवी स्मूदी घेतल्यास वजन झपाट्याने उतरते, असे वाचले. मला पूर्वी मुतखडा झाला होता. घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही घेऊ नये. पालकात ऑक्झलेट भरपूर असते आणि बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. शिजवून पाणी टाकून दिल्यावर ऑक्झलेट बरेच कमी होते. कच्च्या स्मूदीत ते जसेच्या तसे पोटात जाते, आणि भाजी म्हणून आपण खाऊ त्याच्या कितीतरी पट पालक एका पेल्यात सहज मावतो. अशा स्मूदींच्या अतिरेकाने मूत्रपिंडे निकामी झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत. बीट आणि बदाम यांतही ऑक्झलेट जास्त असल्याने पालक काढून त्यांची भर घालणे हा उपाय नव्हे. हिरवा रंगच हवा असेल तर काकडी, पुदिना आणि थोडी कोथिंबीर दह्यात घाला.

कच्च्या दुधीविषयी सर्वच वाचकांना सांगणे आवश्यक आहे. एखादा दुधी कडू निघतो, तो कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यामुळे. अशा रसाने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होऊन मृत्यूही ओढवले आहेत, आणि त्यावर उतारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस टाकून देण्यास सांगितले आहे. स्मूदीत सफरचंदाची गोडी हा कडवटपणा झाकते, हाच खरा धोका. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहा, किंवा सरळ त्याची भाजी करा.

प्रश्न : सकाळी वेळ नसतो. रात्रीच स्मूदी करून फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल, पण चव उतरते. सफरचंद आणि केळे काळे पडतात, जवस फुगून मिश्रण चिकट होते, आणि दूध किंवा दह्याबरोबर अननस वा किवी असल्यास त्यांतील विकरे दुधातील प्रथिने फोडून सकाळपर्यंत सगळे कडवट करून टाकतात. त्यापेक्षा रविवारी फळांच्या फोडी करून एका वेळेपुरत्या लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि सकाळी त्या थेट दह्यात घालून मिक्सर फिरवावा. गोठलेल्या फोडींनी स्मूदीला दाटपणा येतो, त्यामुळे बर्फ किंवा आइस्क्रीम घालण्याची गरज राहत नाही.