फूबार २००० बसवले, पण संग्रह विस्कळीत दिसतो आणि आवाज कमी-जास्त होतो. सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : संगणकावर गाणी वाजवणारा जुना प्लेअर सोडून आपण फूबार २००० बसवले आणि सुमारे आठ हजार गाण्यांचा संग्रह त्यात घेतला. तेव्हा एकेक अल्बम चार-पाच तुकड्यांत दिसू लागला आणि काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली. एक गाणे जेमतेम ऐकू येते, तर पुढचे दचकवते. सलग वाजायला हवे अशा ध्वनिमुद्रणात मध्येच खंड पडतो. आणि ‘रँडम’ लावले की तीच तीच गाणी फिरून येतात. यातले आधी काय दुरुस्त करावे, आणि खिडकीची मांडणी बदलायची ती केव्हा, असे आपण विचारले आहे. मी हा प्रोग्राम बरीच वर्षे रोज वापरत आहे. माझे मत असे की आधी टॅग (म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाणे, गायक, अल्बम यांची माहिती), मग आवाजाची पातळी, आणि मांडणी सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे करतात; मीही तसेच केले होते.

टॅग आधी का, हे समजण्यासाठी या प्रोग्रामचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. विनॅम्प हा जुना प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्ट कंपनीसाठी पूर्वी काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी तो लिहिला आणि त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. तेव्हापासून तो एका गोष्टीबाबत ठाम राहिला आहे : फाइलमध्ये जे लिहिलेले आहे तेच तो दाखवतो, स्वतःच्या मनाने काही जुळवून घेत नाही. काही प्लेअर एकाच फोल्डरमधली गाणी पाहून ‘हा एक अल्बम असावा’ असा अंदाज बांधतात. फूबार असा अंदाज बांधत नाही. त्यामुळे जुन्या प्लेअरमध्ये जो गोंधळ झाकलेला होता, तो इथे उघडा पडतो. गोंधळ नवा नाही. तो आपल्या फायलींमध्ये आधीपासूनच होता.

अल्बमचे तुकडे होण्याचे कारण बहुतेक वेळा ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना असतो. तो रिकामा असेल तर प्रोग्राम त्याच्या जागी ‘आर्टिस्ट’ रकान्यातले नाव घेतो. आठ गाण्यांच्या अल्बममध्ये पाच वेगवेगळे गायक असतील, तर यादीत पाच ‘अल्बम’ दिसणे ओघानेच आले. उपाय सोपा आहे. त्या अल्बमची सगळी गाणी एकत्र निवडावीत, राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये सर्वांसाठी एकच मजकूर भरावा. गायक अनेक असतील तर ‘विविध कलाकार’ असे लिहिले तरी चालते, फक्त ते संपूर्ण संग्रहात एकाच पद्धतीने लिहावे. तरीही तुकडे राहिले, तर अल्बमच्या नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहिली आहे का ते तपासावे. डोळ्यांना ती दिसत नाही, पण प्रोग्रामच्या लेखी ते वेगळे नाव असते. दोन डिस्कच्या संचात ‘डिस्क नंबर’ भरलेला नसेल तर पहिल्या क्रमांकाची दोन गाणी शेजारी-शेजारी येऊन बसतात आणि सगळा क्रम एकाआड एक होतो. तेही याच खिडकीत सुधारता येते.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण ती मला फार महागात पडली होती. एकदा बारा गाणी निवडली आहेत अशा समजुतीने मी ‘अल्बम आर्टिस्ट’ भरला आणि ‘ओके’ दाबले. प्रत्यक्षात कंट्रोल आणि ए दाबले गेल्यामुळे यादीतल्या अकराशे फायली निवडल्या गेल्या होत्या. प्रगतीची पट्टी नेहमीपेक्षा हळू सरकत आहे हे लक्षात येईपर्यंत निम्म्या फायलींवर ते नाव चढले होते. ‘एडिट’ मेनूतले ‘अनडू’ दाबून पाहिले, पण ते प्लेलिस्टमधले बदल मागे घेते; फाइलमध्ये एकदा लिहिला गेलेला टॅग त्याने परत येत नाही. बाहेरच्या डिस्कवर जुनी प्रत होती म्हणून निभावले. आपणही मोठी दुरुस्ती सुरू करण्याआधी संग्रहाची एक प्रत काढून ठेवावी, आणि ‘ओके’ दाबण्यापूर्वी किती फायली निवडल्या आहेत ते दर वेळी पाहावे.

प्रश्नचिन्हांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. एमपी३ फायलींमध्ये आयडी३ नावाच्या पद्धतीने टॅग लिहितात आणि तिच्या दोन पिढ्या आहेत. १९९६ सालच्या पहिल्या पिढीत फाइलच्या अगदी शेवटी फक्त १२८ बाइट राखून ठेवलेले असतात, त्यातले ३० गाण्याच्या नावासाठी. कोणती अक्षरचिन्हे कशी वाचायची याची नोंद तिथे नसतेच. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ या सर्व लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत ३ बाइट घेते, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम दहा चिन्हे मावतील. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीत ही अडचण राहिली नाही. तिथे युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांचा एकच अक्षरसंच, चालतो. आता आपल्या फायलींमध्ये नेमके काय दिसते ते नीट पाहावे. खरोखरची प्रश्नचिन्हेच असतील, तर कुठल्यातरी जुन्या प्रोग्रामने मूळ अक्षरे टाकून देऊन त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली आहेत. ती परत मिळत नाहीत, नावे पुन्हाच भरावी लागतात. पण डोक्यावर टिंबे आणि तिरप्या रेघा असलेली विचित्र रोमन अक्षरे दिसत असतील, तर बाइट शाबूत आहेत, फक्त वाचन चुकते आहे. अशा वेळी अक्षरसंच बदलून देणारा जोड-घटक वापरून नावे सोडवता येतात. ज्यांची नावे पुन्हा भरायची आहेत त्यांच्या फाइलचे नाव तरी शाबूत असेल, तर हाताने टंकत बसू नये. ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’ या बटणाखाली फाइलच्या नावावरून रकाने आपोआप भरण्याची सोय आहे. नावाचा साचा एकदा सांगितला, म्हणजे आधी क्रमांक, मग आडवी रेघ, मग गाण्याचे नाव, की शंभर फायली एका मिनिटात होतात. आधी पूर्वदृश्य पाहूनच पुढे जावे.

आता आवाजाची पातळी. वेगवेगळ्या काळातल्या ध्वनिमुद्रणांची मुळातली पातळीच वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक गाण्याला आवाजाच्या बटणाकडे हात न्यावा लागतो. यावर ‘रिप्लेगेन’ हा उपाय आहे. ही कल्पना डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ च्या सुमारास मांडली. तिचे वैशिष्ट्य असे की मूळ ध्वनीला हात लागत नाही. प्रोग्राम गाणे मोजतो आणि ‘हे इतके डेसिबल कमी किंवा जास्त वाजवावे’ एवढा आकडा टॅगमध्ये लिहून ठेवतो. फूबारमधली मोजणी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर-१२८ या मानकाच्या पद्धतीने, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणानुसार होते. सगळी गाणी निवडून राइट क्लिक करावे आणि ‘रिप्लेगेन’ उपमेनूतून टॅगनुसार अल्बम धरून मोजणी करण्याचा पर्याय घ्यावा. अल्बम कोणता हे टॅगवरूनच ठरत असल्यामुळे, तुकडे झालेल्या अल्बमवर ही मोजणी केली तर आकडेही तुकड्यांचेच येतात आणि सगळे पुन्हा करावे लागते. टॅग आधी, असे मी सुरुवातीला म्हटले त्याचे हे मोठे कारण आहे.

मोजणी झाल्यावर निकालाच्या यादीकडे एकदा नजर टाकण्यासारखी असते. अलीकडच्या दणदणीत ध्वनिमुद्रणापुढे उणे ९ किंवा उणे १० डेसिबल असा आकडा दिसतो, तर जुन्या, मोकळ्या ध्वनिमुद्रणापुढे उणे १ किंवा कधी चक्क अधिक २. आपल्याला दचकवणारे गाणे कोणते, हे त्या रांगेत लगेच सापडेल. मात्र नुसत्या मोजणीने ऐकण्यात फरक पडत नाही. ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘प्लेबॅक’ पानावर ते आकडे लागू करण्याची आज्ञाही द्यावी लागते. तिथे ‘ट्रॅक’ की ‘अल्बम’ असे विचारले जाते. सरमिसळ यादी ऐकताना ‘ट्रॅक’ योग्य, कारण प्रत्येक गाणे एका पातळीवर येते. अखंड अल्बम ऐकताना ‘अल्बम’ योग्य, कारण मुद्दाम हळू ठेवलेला भाग हळूच राहतो. मी वाजवण्याच्या क्रमानुसार आपोआप ठरवण्याचा तिसरा पर्याय ठेवला आहे आणि त्याची तक्रार कधी आली नाही. त्याच ठिकाणी ‘प्रीअँप’च्या, म्हणजे आवाज आणखी कमी-जास्त करण्याच्या, दोन सरकपट्ट्या असतात, एक मोजलेल्या फायलींसाठी आणि एक न मोजलेल्यांसाठी. दुसरी पट्टी उणे ८ डेसिबलच्या आसपास ओढून ठेवावी. नाहीतर नव्याने आणलेली, अजून न मोजलेली फाइल बाकीच्यांच्या तुलनेत एकदम अंगावर येते आणि मोजणी बिघडली असे वाटते.

सलग ध्वनिमुद्रणातला खंड हा एमपी३च्या घडणीतून येतो. या पद्धतीत ध्वनी ११५२ नमुन्यांच्या (म्हणजे ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) चौकटींमध्ये बांधला जातो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशोबाने अशी एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची होते. गाणे नेमके चौकटीच्या मापात संपत नाही, म्हणून शेवटी शांतता भरली जाते, आणि एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्राम, सुरुवातीलाही थोडी शांतता घालतो. लेम नावाचा एन्कोडर ही भर किती आहे याची नोंद फाइलमध्ये करून ठेवतो आणि फूबार तेवढा भाग कापून वाजवतो. नोंद नसेल तर प्रोग्रामला कापायचे किती हे कळत नाही आणि खंड ऐकू येतो. मूळ सीडी आपल्याकडे असेल तर ती पुन्हा फ्लॅक या, ध्वनीतले काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात उतरवून घेणे हाच खरा इलाज आहे. ‘क्रॉसफेडर’ लावून खंड झाकू नये. त्याने एका भागाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभावर चढतो.

आवाज कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा हे ठरवणाऱ्या ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘आउटपुट’ पानावर बहुधा काहीही बदलण्याची गरज नसते. तिथल्या यादीत ‘एक्सक्लुझिव्ह’ असे लिहिलेले पर्याय दिसतात. ते घेतल्यास विंडोजचे ध्वनिमिश्रण टळते, पण उपकरण फूबारच्या एकट्याच्या ताब्यात जाते आणि गाणे चालू असताना दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामचा आवाज येत नाही. आवाज मध्येच तुटत असेल, तर मात्र ‘बफर’ची, म्हणजे आगाऊ साठवून ठेवलेल्या ध्वनीची, लांबी वाढवून पाहावी.

मांडणीबद्दल मी फार सांगणार नाही. ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘लेआउट’मध्ये ‘क्विक सेटअप’ आहे, त्यातली एखादी तयार मांडणी निवडावी. पुढे काही खटकले तर तिथलेच ‘लेआउट एडिटिंग मोड’ चालू करून त्या चौकटीवर राइट क्लिक करावे आणि तीच बदलावी. काम झाल्यावर हा मोड बंद करायला विसरू नये. चालू राहिला तर गाण्यांच्या यादीवर राइट क्लिक केल्यावर नेहमीचा मेनू उघडत नाही आणि काहीतरी मोडले आहे असे वाटते.

राहिला ‘रँडम’चा प्रश्न. ही चूक नाही. ‘रँडम’मध्ये प्रत्येक वेळी संपूर्ण यादीतून नव्याने चिठ्ठी उचलली जाते आणि आधी काय वाजले याचा विचार होत नाही. शंभर गाण्यांच्या यादीत पहिली तेरा गाणी होईपर्यंत त्यातले एखादे दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. आपल्याला हवा आहे तो ‘शफल ट्रॅक्स’ हा पर्याय, जो ‘प्लेबॅक’ मेनूतल्या ‘ऑर्डर’मध्ये आहे, तो यादी एकदा पिसतो आणि सगळी गाणी वाजून झाल्याशिवाय कोणतेही पुन्हा घेत नाही. त्याच्याच खाली ‘शफल अल्बम्स’ आहे. त्यात अल्बमचा क्रम पिसला जातो, पण आतली गाणी आपल्या जागीच राहतात. टॅग नीट लावून झाले की तोही एकदा लावून पाहावा.