इफुगाओंची भातखाचरे किती जुनी?

प्रश्न : फिलिपिन्समधील इफुगाओ लोकांची डोंगरउतारावरची भातखाचरे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, असे वाचनात आले. ते खरे मानावे का? आणि इतक्या उंचावर भाताला पाणी येते कोठून? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी पाण्याविषयी लिहितो, कारण बाकी सारे त्यावर उभे आहे. लुझॉन बेटाच्या उत्तरेस कोर्दियेरा पर्वतात, सर्वांत वरच्या खाचरांच्याही माथ्यावर, इफुगाओ कुटुंबे ‘मुयोंग’ नावाची राई पिढ्यान्‌पिढ्या राखतात. पावसाचे पाणी तेथील मातीत मुरते, झऱ्यांवाटे पाझरते, पाटाने वरच्या खाचरात येते आणि तेथून एकेक बांध उतरत खालच्या ओढ्यापर्यंत जाते. वरच्याने राई तोडली किंवा पाट बुजू दिला, तर खालच्या प्रत्येकाच्या शेतावर त्याचा परिणाम होतो. म्हणूनच पाटांची डागडुजी, लावणी आणि कापणी ही कामे गावकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून करीत आले आहेत. खाचर कोरडे पडू देणे हा तर मोठाच धोका, कारण मातीला तडे गेले की पुढच्या पावसात बांध ढासळू शकतो. ‘तिनावोन’ हा तेथील पारंपरिक भात वर्षातून एकदाच पिकतो.

आता वयाविषयी. दोन हजार वर्षांचा आकडा रूढ झाला तो हेन्री ओटली बायर आणि रॉय बार्टन या अभ्यासकांमुळे. एवढे डोंगर घडवायला किती काळ लागला असेल, या अंदाजावर तो आधारलेला होता. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कियांगान गावी केलेल्या उत्खननातून मात्र वेगळे चित्र पुढे आले : तेथे पूर्वी अळूचे पीक होते आणि पाण्यातील भातशेतीचा विस्तार सुमारे चारशे वर्षांपूर्वी, स्पॅनिश सत्ता लुझॉनमध्ये आल्यानंतर झाला. हे मत मला अधिक सबळ वाटते. त्याने खाचरांचे मोल तसूभरही घटत नाही. उलट परकी सत्तेला दाद न देता डोंगरात टिकून राहिलेल्या समाजाने काही पिढ्यांतच हे उभारले, ही गोष्ट मला अधिक थोर वाटते.

युनेस्कोने १९९५ साली यांतील पाच समूहांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तरुण मंडळी शहरांकडे गेल्याने बांध पडू लागले होते, आणि २००१ ते २०१२ या काळात हे स्थळ धोक्यातील वारशांच्या यादीत होते. यादीतून नाव निघाले, तरी बांध सावरायला माणसे हवीत, ही अडचण अजून सुटलेली नाही.