युद्धाने देशाची इकॉनॉमी सुधारते का?

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपवर परवा जोरात वाद झाला. एका मित्राचं म्हणणं, दुसऱ्या महायुद्धानेच अमेरिकेची महामंदी संपवली, म्हणजे युद्ध आणि शस्त्रांवरचा खर्च इकॉनॉमीला चांगलाच, कारखाने चालतात, नोकऱ्या लागतात. मला पटत नाहीये पण उत्तरही सुचत नाहीये.

उत्तर : अर्धं खरंय ना, म्हणून सुचत नाहीये. १९३९ ला अमेरिकेत शंभरातले सतराएक जण बेकार होते आणि १९४४ ला जेमतेम एक, हे आकडे खोटे नाहीत. पण एक कोटीहून जास्त लोक तर सैन्यातच होते, त्यातले बरेचसे सक्तीच्या भरतीने, त्यांना "नोकरी लागली" म्हणायचं का ते मित्रालाच विचारा.

राहिले कारखाने. मंदीत मशिनं धूळ खात पडली होती, माणसं रिकामी, सरकारने कर्ज काढून ऑर्डरी दिल्या आणि चाकं फिरली. धरणं नि रस्त्यांची कामं तेवढीच काढली असती तरी फिरली असती. शांततेच्या काळात एवढं कर्ज काढायला कुठलं सरकार धजलं नसतं, हा एक मार्क मात्र मित्राला द्यायला हवा. आणि हात रिकामे नसतील तर गणित उलटं होतं. रशियात युद्धखर्चाने ग्रोथ दिसली खरी, पण माणसंच मिळेनात, महागाई भडकली, आणि ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या सेंट्रल बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला.

आता त्या सुबत्तेत लोक जगत कसे होते ते बघा. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खाजगी वापराच्या गाड्या बनवणंच बंद झालं. १९४४ ला फोर्डच्या विलो रन कारखान्यातून जवळपास तासाला एक बॉम्बर बाहेर पडत होता, आणि तो पडला की जीडीपीत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या हिशोबात जमा, पुढे त्याचं काय होतं हे जीडीपी विचारत नाही. कामगाराच्या खिशात ओव्हरटाइमचे पैसे आहेत पण टायर रेशनवर (म्हणजे ठरवून दिलेले मोजकेच मिळणार), साखर रेशनवर, कॉफीसुद्धा काही काळ रेशनवर, नवी गाडी तर नाहीच, मग घ्या वॉर बॉन्ड, म्हणजे युद्धासाठी सरकारलाच पैसे उसने द्या!

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. युद्ध संपल्यावर मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांना वाटलं आता मंदी परत येणार, कारण सरकारी खर्च १९४५ च्या सुमारे ९३ अब्ज डॉलरवरून तीन वर्षांत ३० अब्जांवर आला आणि लाखो सैनिक घरी परतले. बेकारी? चार टक्क्यांच्या आसपासच राहिली. साठवलेला पैसा लोकांनी घरं, गाड्या, फ्रीजवर काढला. रणगाड्यांनीच इकॉनॉमी चालली असती तर तेव्हा ती झोपायला हवी होती.

आणि ब्रिटनचं नाव कोणी का घेत नाही कळत नाही, तेही जिंकलेच होते की. युद्धात जो ब्रेड रेशनवर नव्हता तो १९४६ ला, जिंकल्यावर, रेशनवर आला. त्याच वर्षी अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला २९ डिसेंबर २००६ ला.

प्रश्न : पण इंटरनेट, जीपीएस हे सैन्याच्या पैशातूनच आलं ना?

उत्तर : हो, आलं. १९६९ चं अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पहिलं रूप, अमेरिकन संरक्षण खात्याच्याच पैशाचं. पण तो रिसर्चचा पैसा होता, तोफगोळ्यांचा नाही, आणि कमाई सुरू झाली ती हे सगळं सामान्य लोकांना वापरायला मिळाल्यावर. सैन्य नकोच असं मी म्हणत नाहीये, दाराला कुलूप लागतंच, फक्त कुलपाला कमाई म्हणू नका. जपानने कित्येक दशकं जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपासच संरक्षणावर खर्च केला (डोक्यावर अमेरिकेची छत्री होती, तेही सांगा, नाहीतर मित्र तिथेच पकडेल) आणि त्याच काळात त्यांच्या गाड्या नि टीव्ही जगभर विकले गेले.