विचारलंस ते बरं केलंस

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते आणि यंदा दहावीला आहे. माध्यम मराठी. घरी, शाळेत, क्लासमध्ये सगळे एकच सांगतात, हे वर्ष महत्त्वाचं, अभ्यास कर. तो मी करते आहे. पण तुमचं हे वर्ष होऊन गेलंय. आज दहावीतल्या स्वतःला भेटलात तर तिला काय सांगाल? मला अकरावीला सायन्स घ्यायचंय, पण तिथे सगळं इंग्रजीत असतं या विचारानेच पोटात गोळा येतो. कॉलेज जवळचं घ्यावं की नावाजलेलं, तेही कळत नाही.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुझं पत्र मी विक्रोळीला गाडीत चढल्यापासून सीएसएमटीला उतरेपर्यंत तीनदा वाचलं. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय सांख्यिकी. कन्नमवार नगरात वाढले. शाळा मराठी माध्यमाची, बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. दहावीतल्या मला भेटायचं झालं तर मी तिला शाळेच्या जिन्यात गाठेन, संध्याकाळी साडेपाचला. त्या वेळी ती दप्तर सावरत घाईघाईने खाली उतरत असायची आणि वर शिक्षक-खोलीत गणिताच्या बाई बसलेल्या असायच्या. ‘साडेपाच ते सहा मी इथेच आहे, ज्याला अडेल त्याने यावं,’ असं त्यांनी जूनमध्येच सांगितलं होतं. वर्षभरात मी एकदाही वर गेले नाही. तिचा हात धरून मी तिला परत वर नेईन.

अडत नव्हतं असं नाही. गणित भाग १ मधला पाचवा धडा घे, संभाव्यता. दोन फासे एकाच वेळी टाकले तर नमुना अवकाशात, म्हणजे जे जे पडू शकतं त्या सगळ्याच्या यादीत, ३६ घटक. ते मला पाठ होते. पण (१,२) आणि (२,१) हे दोन वेगळे घटक का धरायचे, हे काही केल्या कळत नव्हतं. एक आणि दोन पडले ते पडले, त्यात आधी कोणता आणि नंतर कोणता? क्लासच्या नोट्समध्ये ३६ जोड्या छापलेल्या होत्या, त्या मी घोकल्या. असल्या गणितांना पूर्ण मार्क मिळत गेले. मार्क मिळाले म्हणजे समजलं, असं मी धरून चालले.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तोच फासा पुन्हा समोर आला आणि या वेळी घोकून भागण्यासारखं नव्हतं. शेवटी एका रविवारी घरातल्या सापशिडीचा लाल फासा आणि शेजारच्या घरातून आणलेला पांढरा फासा घेऊन बसले. लालवर १ आणि पांढऱ्यावर २, ही एक गोष्ट. लालवर २ आणि पांढऱ्यावर १, ही दुसरी. फासे एकाच रंगाचे असले तरी ते दोन असतातच, फक्त आपल्याला ओळखू येत नाहीत. म्हणून बेरीज ३ येण्याचे मार्ग दोन, आणि बेरीज २ येण्याचा एकच. एकीची संभाव्यता ३६ पैकी २, दुसरीची ३६ पैकी १. मी शंभर वेळा फासे टाकून वहीत खुणा केल्या. पाच मिनिटांत सुटली असती अशी शंका मी तीन वर्षं बाळगली होती.

का नाही गेले बाईंकडे? याचं उत्तर मला आत्ता-आत्ता देता येतं. माझ्या क्लासच्या फीसाठी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं. एवढे पैसे भरूनही मला कळत नाही, असं कोणाला समजलं तर ते पैसे वाया गेले असं होईल, ही माझी भीती होती. म्हणून क्लासमध्ये मान हलवायची, शाळेत मान हलवायची आणि घरी ‘झालं सगळं’ म्हणायचं. तुझ्याही घरी असं काही असेल तर ते ओझं तुझं नाही, बाळ. आईबाबा पैसे भरतात ते तुला कळावं म्हणून. कळल्यासारखं दाखवावं म्हणून कोणी भरत नाही.

मागच्या दिवाळीत विक्रोळी स्टेशनजवळच्या बाजारात त्याच बाई भेटल्या. आता निवृत्त झाल्या आहेत. मी सांख्यिकी शिकते म्हटल्यावर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. मग म्हणाल्या, ‘तू कधी काही विचारायचीच नाहीस गं. मला वाटायचं, हिला सगळं येतंय.’

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तू अनोळखी माणसाला पत्र लिहून इतकं सगळं विचारलंस. मी तुझ्या वयात हे केलं नव्हतं.

आता इंग्रजी. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर डिस्प्लेसमेंट आणि ॲक्सिलरेशन लिहिलं आणि मला वाटलं, हे आपल्याला कधीच शिकवलेलं नाही. सगळी मुलं भराभर लिहून घेत होती. विस्थापन आणि त्वरण तर मी नववीच्या ‘गतीचे नियम’ या पहिल्याच धड्यात शिकले होते, आणि चांगलं शिकले होते. अडला होता तो फक्त शब्द. पण ते समजायला दिवाळी उजाडली. तोवर मी शेवटच्या बाकावर बसून स्वतःला ढ समजत होते.

तुला तेवढे महिने घालवायची गरज नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, मराठी माध्यमाच्या आणि इंग्रजी माध्यमाच्याही. दोन्हींत धडे तेच, क्रम तोच, आकृत्या त्याच. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा धडा आधी मराठीतून नीट समजून घे. मग रविवारी तोच धडा इंग्रजी पुस्तकातून वाच आणि वहीत दोन रकाने कर : अपवर्तन – रिफ्रॅक्शन, अपवर्तनांक – रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, भिंग – लेन्स. इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीतच लिही, स्पेलिंगसकट. दहावीची परीक्षा तुला मराठीतच द्यायची आहे, तेव्हा यावर फार वेळ घालवू नकोस. आठवड्याला एक धडा पुरे. जी गोष्ट मराठीत पक्की कळलेली असते तिचं इंग्रजी नाव लवकर बसतं, हे मी अनुभवाने सांगते. आणि अकरावीत गेल्यावर सरांना ‘सर, याला मराठीत काय म्हणतात?’ असं विचारायला लाजू नकोस. माझ्या वर्गात डिसेंबरमध्ये एका मुलाने हे विचारलं आणि त्यानंतर आम्ही सात-आठ जण विचारायला लागलो. तोवर प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आहोत.

दुसरी गोष्ट अभ्यासाची नाही, पण तितक्याच कळकळीने सांगते : कागद. बोर्डाचा अर्ज भरताना शाळा तुझं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तपासून सही करायला देईल. तिथे घाई करू नकोस. आधार कार्ड शेजारी ठेव आणि एकेक अक्षर जुळव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीची नोंद असते, तीही शाळेत असतानाच बघून घे. शाळा सुटल्यावर एक वेलांटी बदलायलाही खेटे घालावे लागतात.

तुझ्या घरी आरक्षणाचा लाभ लागू असेल तर आजच बाबांना विचार की जातीचा दाखला काढलाय का. इंजिनीअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता दाखला पुरत नाही, जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जुने पुरावे द्यावे लागतात : ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेचा दाखला, आणि ती शाळा गावी. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी बारावीच्या मे महिन्यात याची शोधाशोध सुरू झाली. तिचे बाबा दोनदा रत्नागिरीकडे गावी जाऊन आले, नोंद सापडली, पण प्रमाणपत्र हातात येईपर्यंत प्रवेश आटोपले होते. ती खुल्या गटातून शिकते आहे, पूर्ण फी भरून. तिला विचारलं, दहावीतल्या स्वतःला काय सांगशील, तर क्षणाचाही विचार न करता म्हणाली, ‘गणपतीला गावी गेलीस की आजोबांच्या शाळेत जाऊन ये.’ तूही घरच्यांना हे सांग. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तेच. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कागद तयार नसतील तर ही माफी हातची जाते.

कॉलेजचं थोडक्यात सांगते. ऑनलाइन अर्जात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. नियम थोडेफार बदलत असतात म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाच, पण पहिलं नाव विचार करूनच लिही. मी नाव बघून दक्षिण मुंबईतलं लिहिलं. साडेसातचं लेक्चर गाठायला सहाला घर सोडायचे आणि दुपारी घरी आल्यावर पुस्तक उघडलं की झोप यायची. अकरावी-बारावीला मुलुंड-घाटकोपरच्या पट्ट्यातलं, प्रयोगशाळा चांगली असलेलं कॉलेज तुला मिळत असेल तर मी तेच निवडायला सांगेन. पदवीला जा लांब, तेव्हा पाय घट्ट झालेले असतात. अर्ज भरण्याआधी एकदा सकाळच्या गर्दीत तिथवर जाऊन ये.

आणि सायन्स तुला स्वतःला हवं असेल तरच घे. आमच्या ग्रुपमधल्या एकाने ९१ टक्के पडले म्हणून घेतलं आणि बारावीनंतर बीएला गेला. आता तो आनंदात आहे. दहावीतल्या स्वतःला तो सांगेल, ‘आईशी एकदा बोल, ती रागावणार नाही.’ ती खरंच रागावली नव्हती.

माझी दोन रकान्यांची वही अजून जपून ठेवली आहे. त्यातली प्रकाशाची आणि भिंगांची पानं स्कॅन करून संपादकांकडे दिली आहेत, ते तुला पाठवतील. त्यात कुठे अडलं तर लिही. पण त्याआधी उद्या साडेपाचला तुझ्या शाळेत गणिताच्या बाई किंवा सर कुठे बसतात ते बघ, आणि फाशांचं गणित घेऊन जा.